घाशीरामावरून एक भांडण

ओम पुरी पडद्यावर अगदी सुरुवातीला आला तो मराठी चित्रपटातून, पुण्याचा कोतवाल होऊन. हे सांगितलं की निम्मे लोक चकित होतात आणि उरलेले विचारतात, 'घाशीराम' म्हणजे नाटक ना? नाटक तर आहेच. पण १९७६ साली त्याचा चित्रपटही झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढली, बँकेचं कर्ज उचललं आणि तो केला. दिग्दर्शक म्हणून नावं चार : मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप. कॅमेऱ्यामागेही असेच अनेक हात. पुढे बरीच वर्षं तो कुणाला पाहायलाच मिळत नव्हता. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेकडे त्याची प्रत राहिली होती. तिच्यावरून तो नीटनेटका करून २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात पुन्हा दाखवला गेला. गोष्ट पुण्याची, मुलं पुण्यात शिकलेली आणि प्रत जर्मनीत. आपल्याकडे जपणुकीची कामं अशीच होतात.

आमच्या फिल्म क्लबात हा चित्रपट लावायचा बेत मी आत्याला सांगितला. आत्या मोडी वाचते. नोकरीभर तिने दप्तरातले कागदांचे रुमाल सोडले आणि बांधले, आणि निवृत्त झाल्यावरही हाताला तीच सवय आहे. नाटक-सिनेमाचं तिला वावडं नाही. वावडं आहे ते 'सत्य घटनेवर आधारित' या पाटीचं. मी संकलनाचं काम करते, म्हणजे कापण्यावर माझं पोट आहे. आमचं बोलणं सलग झालं नाही, मी ते सलग लिहिलं आहे. आत्याने वाचून दोन वाक्यं खोडली. दोन्ही माझी होती.

आत्या : आधी सांग, पत्रकावर काय छापणार आहेस?

मी : खरी घटना, काळी घटना, विस्मरणात गेलेला चित्रपट. लोक अशा गोष्टींना येतात, आत्या. हल्ली खुनाच्या सत्यकथा लोक जेवताना बघतात.

आत्या : येऊ देत. पण खरी घटना म्हणजे कोणती? नाटक बाजूला ठेवून सांग बघू.

मी : १७९१ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात कोतवालाच्या कोठडीत माणसं गुदमरून मेली. लोक खवळले. नाना फडणवीसांनी कोतवाल लोकांच्या हवाली केला आणि लोकांनी त्याला दगडांनी मारला.

आत्या : बरोबर. आता यात मांस भरते. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याला, रमण्यात, ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. त्यासाठी लांबलांबून माणसं चालत यायची, तेलंगणातूनसुद्धा. म्हणजे त्या महिन्यात पुणं परक्या माणसांनी भरलेलं. आणि शहरात येणाऱ्याजाणाऱ्या परक्यांची नोंद ठेवणं हे कोतवालाचंच काम. बाजारभाव, घरांची खरेदी-विक्री, पेठांमधले तंटे, रात्रीचा पहारा, सगळं त्याच्याकडे. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला धरायचं. अशात तेलंगी ब्राह्मणांची एक टोळी शिपायांच्या हाती लागली. का धरली याच्या दोन-तीन तऱ्हा आहेत. घाशीरामाच्या बागेत शिरून फळं-कणसं तोडली असं सांगतात. एवढ्याशा खोलीत कोंडली. दार उघडलं तेव्हा वीसच्या आसपास माणसं मेलेली. कुलूप तोडायला लावलं सरदार मानाजी फाकड्यांनी, आणि बोभाटा झाला. पेशवे सवाई माधवराव तेव्हा सतरा वर्षांचे, कारभार नानांचा. नानांच्या दाराशी तेलंग्यांचा जमाव, न्यायाधीश अय्याशास्त्री मध्ये. घाशीरामाची धिंड निघाली आणि ३१ ऑगस्टला तो मेला. झालं.

मी : चित्रपटात हेच आहे की.

आत्या : चित्रपटात हे शेवटी आहे. त्याआधी काय आहे? कनौजहून आलेला ब्राह्मण, पुणेकरांनी त्याला चोर ठरवून हाणलेला, त्याने उचललेली सुडाची शपथ, आणि कोतवाली मिळावी म्हणून नानांच्या पुढे केलेली पोटची पोर. ललितागौरीच्या त्या सौद्याला दप्तरात आधार नाही. शपथेलाही नाही.

मी : म्हणजे तुला नानांची बाजू घ्यायची आहे.

आत्या : हेच! नाटकावर बोट ठेवलं की समोरचा लगेच नानांचा वकील ठरवतो. अगं, मला नानांची कड घ्यायची नाही. नानांची नऊ लग्नं झाली हे मला ठाऊक आहे. त्यांनी स्वतः लिहिलेलं आत्मचरित्र मी वाचलंय. पानिपतापर्यंतचं आहे ते, जेमतेम एकोणीस वर्षांच्या पोराचं, आणि त्यात आपलं मन कुठेकुठे वाहवलं हे त्याने लपवलेलं नाही. तेव्हा सोवळं मला नको सांगूस. माझी तक्रार उलटी आहे. घाशीराम १७७७ ला कोतवाल झाला आणि १७९१ ला मेला. चौदा वर्षं! चौदा वर्षं हा माणूस राजधानीच्या मानेवर बसला होता आणि कारभाऱ्याला तो चालत होता. का चालत होता? शहर गप्प राहायचं म्हणून, वसूल येत होता म्हणून. ही गोष्ट काळी आहे. तिच्यात मुलगी विकायला आणलीत की ती सोपी होते. लंपट म्हातारा आणि सुडाने पेटलेला बाप; प्रेक्षकाला सगळं समजतं आणि तो सुटतो. आपल्यापैकी कोण लंपट म्हातारा आहे? कुणी नाही. पण गप्प शहराचा फायदा घेणारे आपण सगळे आहोत.

(मला हे भाषण आवडलं. पण भाषण चांगलं असलं म्हणजे चित्रपट चुकीचा ठरत नाही.)

मी : आत्या, 'वसूल येत होता' हे पडद्यावर कसं दाखवू? वहीचं पान? आकडे? गरज नावाची गोष्ट कॅमेऱ्याला दिसत नाही. ती कुणाच्या तरी अंगावरून गेली तरच दिसते. नाटक लिहिताना विजय तेंडुलकरांनी ती एका मुलीच्या अंगावरून नेली. सौदा खोटा असेल, पण कोतवालीची किंमत कुणीतरी मोजत होतं हे खोटं नाही.

आत्या : मग नावं बदलायची. गावाचं नाव बदला, कारभाऱ्याचं बदला, आणि करा काय करायचं ते.

मी : नावं न बदलण्याची रीत तेंडुलकरांनी काढलेली नाही. १८६३ साली मोरोबा कान्होबांचं 'घाशीराम कोतवाल' आलं. 'मोचनगड' या ऐतिहासिक कादंबरीच्या आधी आठ वर्षं. मोरोबांच्या लिखाणाला कादंबरी म्हणायचं की गप्पा, गोष्टी आणि दुनियेची माहिती यांचं पुस्तक म्हणायचं हा वाद घाल. पण घाशीराम मेल्यावर पाऊणशे वर्षांच्या आत तो छापील गोष्टीत शिरलेला होता. आणि तुमचा कागद तरी कुठला सोवळा? कोठडीची जी हकिकत सगळे सांगतात ती बरीचशी चार्ल्स मॅलेटची. तो पुण्यातला इंग्रजांचा वकील. ती लोकांपर्यंत गेली जेम्स फोर्ब्जच्या आठवणींच्या ग्रंथातून, १८१३ साली, लंडनमध्ये. फोर्ब्ज हिंदुस्थानातून परत गेला १७८४ ला. म्हणजे ज्याने छापलं तो घटनेच्या सात वर्षं आधीच बोटीत बसला होता!

आत्या : आणि मॅलेट इथे होता. टिपूवरच्या स्वारीत इंग्रज आणि मराठे तेव्हा एका बाजूला होते, म्हणजे पुणे दरबाराला काळं फासायची त्याला त्या घडीला घाईही नव्हती. हे तू बघितलंस का? कागद खोटं बोलतो हे मला कशाला सांगतेस, माझा जन्म त्यांच्यात गेला. एकट्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. इतिहासकार सरदेसायांनी त्यातून निवडून पंचेचाळीस खंड काढले, तरी ते वरवरचंच. त्यात थापा आहेत, हिशेबातल्या चोऱ्या आहेत, चमचेगिरी आहे. पण एक कागद खोटं बोलला तर त्याला दुसऱ्या कागदाने धरता येतं. तुझ्या चित्रपटाला मी कशाने धरू?

मी : चांगल्या चित्रपटाने.

आत्या : छान आहे उत्तर. खोडते का मी बघ.

(नाही खोडलं.)

इथे थोडं थांबून नाटकाचं सांगायला हवं, कारण चित्रपट त्याच्या खांद्यावर उभा आहे आणि आत्याचा अर्धा राग नाटकावरचाच आहे. १६ डिसेंबर १९७२ ला, पुण्यात भरत नाट्य मंदिरात, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने 'घाशीराम' केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद, नाना मोहन आगाशे. एकोणीस प्रयोग झाले आणि संस्थेनेच ते थांबवलं. मग ती सगळी मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी निघाली आणि १९७४ च्या जानेवारीत प्रयोग पुन्हा सुरू झाले. नाटक ऐतिहासिक नाही, सत्ता अशी माणसं घडवते आणि वापरून फेकते एवढंच मला दाखवायचं आहे, अशी तेंडुलकरांची भूमिका होती. मुंबईच्या राजकारणात तेव्हा कोण कुणाला मोठं करत होतं हे प्रेक्षकांना सांगावं लागत नव्हतं.

ज्यांनी प्रयोग पाहिलाय ते ब्राह्मणांच्या ओळीबद्दल बोलतात. ओळीने उभे, गाणारे, डुलणारे. तीच ओळ पडदा होते, तीच भिंत, तीच शहर. पाठ फिरवली की आत काय चाललंय ते दिसत नाही. चित्रपटात ही ओळ जशीच्या तशी ठेवली असती तर नाटकाचं चित्रीकरण झालं असतं. या मुलांनी ती मोडली, माणसं मोकळ्यावर आणली आणि कॅमेराच चालता ठेवला. शेवटची दहाएक मिनिटं, म्हणजे अख्खं रीळ, एकच शॉट आहे. हंगेरीचा दिग्दर्शक मिक्लोश यांचो याची सावली त्याच्यावर आहे हे जाणकाराला कळेल. न कळणाऱ्यालाही एवढं नक्की कळतं की कुणीतरी आपल्याला मान फिरवू देत नाहीये. पोटासाठी दिवसभर कट मारणारी बाई म्हणून सांगते, तो शॉट न तोडण्याला छाती लागते.

आत्या : शॉट चांगला आहे. मी कुठे नाही म्हटलं? मला त्यातला ओम पुरीही आवडतो. परप्रांतातला नट, परप्रांतातला कोतवाल; उपरेपणा त्याला वेगळा आणावा लागला नसेल.

मी : मग सालही बघ ना. १९७६. आणीबाणी. त्या वर्षी रात्रीची तोफ, परवाना, कोठडी हे ऐकणाऱ्याला फक्त शनिवारवाडा आठवत असेल?

आत्या : मग आणीबाणीवर काढायचा होता.

मी : 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाची नुसती प्रत नाही, निगेटिव्हसुद्धा जाळली! आणीबाणीवर काढायचा म्हणे. इतिहासाचे कपडे घालण्याचं एक कारण हेही असतं, आत्या. आजचं आज बोलता येत नाही म्हणून माणूस मागे जातो.

आत्या : म्हणजे दिल्लीत जे बसले होते त्यांच्या जागी नानांना उभं केलं. मेलेला माणूस भाड्याने घ्यायला पैसे पडत नाहीत, हे मला कळतं. पण मग पत्रकावर 'खरी घटना' लिहू नकोस. 'आणीबाणीत बनलेला चित्रपट' असं लिही. तीही खरी घटनाच आहे, आणि तिला पुरावा आहे.

(या सूचनेवर मी अजून विचार करते आहे.)

आत्या : आणि तुला काळी सत्यकथाच लोकांना दाखवायची आहे ना, तर '२२ जून १८९७' का नाही दाखवत? तोही पुण्याचाच. तोही कुठल्या बड्या कंपनीचा नाही. जयू आणि नचिकेत पटवर्धन या आर्किटेक्ट जोडप्याने केलेला, १९७९ चा. कलादिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ते घर, ती गल्ली, ते दिवे, मला कुठे खोट दिसली नाही. आणि लेखनात कोण आहे बघ. तुझे तेंडुलकरच!

मी : तेच तर मला मजेचं वाटतं. एकच लेखणी. 'घाशीराम'मध्ये मोकाट, इथे दावणीला बांधलेली.

आत्या : बांधलेली नाही, घट्ट धरलेली. गोष्ट काय आहे? प्लेग. प्लेगचा अधिकारी रँड आणि त्याचे सोल्जर घरात शिरतायत, देवघरात शिरतायत, बायकांना बाहेर काढून तपासतायत. चापेकर बंधू ठरवतात. राणीच्या राज्याची साठ वर्षं झाल्याची मेजवानी गव्हर्नरच्या बंगल्यावर. ती आटपून गाड्या परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर रँडवर गोळी झाडतो, बाळकृष्ण मागच्या गाडीतल्या आयर्स्टवर. आयर्स्ट जागच्या जागी जातो, रँड ३ जुलैला. पुढे द्रविड बंधूंची फितुरी, त्यांचा खून, फाशी आणि पुन्हा फाशी. एका घरातले तीन भाऊ. यात कुठे मीठमसाला घालायची गरज पडली का?

मी : पडली नाही, कारण दामोदरने तुरुंगात बसून स्वतःचं आत्मवृत्त लिहून ठेवलं. राज्य सरकारने ते १९७४ मध्ये छापलं, चित्रपट पाच वर्षांनी आला. असा नायक मिळाला तर कुणीही सत्याला धरून राहील! घाशीरामाने कुठे काही लिहून ठेवलंय?

आत्या : दामोदरचं आत्मवृत्त तू नीट वाचलंयस?

मी : वाचलंय, म्हणून तर विचारणार आहे. मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं, चपलांची माळ घातली, हे तो लिहितो. ते आपण टाळ्या वाजवत ऐकतो. सुधारकांना मारहाण केल्याचंही तो तितक्याच ऐटीत लिहितो. त्याला इंग्रज जेवढे नकोत तेवढेच आपल्यातले सुधारकही नकोत. आता सांग, हुतात्म्याच्या चित्रपटात हे किती ठेवायचं? सगळं ठेवलं तर लोक खुर्च्या मोडतील. थोडं ठेवलं तर ते कुणी ठरवायचं? कापणं आलंच, आत्या. तू ज्याला सत्याला धरून राहणं म्हणतेस त्याच्यातही कात्री आहे. नानांच्या चित्रपटात घातलेलं दिसतं म्हणून तुला राग येतो. चापेकरांच्या चित्रपटात काढलेलं दिसत नाही, एवढाच फरक.

आत्या : फरक आहे. काढलेलं मी पुस्तक उघडून परत आणू शकते. घातलेलं लोकांच्या डोक्यातून काढू शकत नाही. तू रिक्षात बसून विचार, नाना फडणवीस कसे होते? तुला नाटकातला नाना सांगतील, मनगटाला गजरा बांधलेला. बारभाईचं कारस्थान कुणी सांगणार नाही.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. नाना नाटकामुळे तरी लोकांना ठाऊक आहेत, असं म्हणता आलं असतं. पण ते स्वस्तातलं झालं असतं. '२२ जून' मला आवडतो तो आत्याच्या कारणासाठी नाही. तो खूनही घाईने उरकत नाही आणि नायकही घाईने घडवत नाही. त्यातले लोक वाट पाहत बसतात, कंटाळतात, घाबरतात. कट रचणं हे बहुतेक वेळ ताटकळणं असतं, हे फार थोड्या चित्रपटांना कळलंय. तेवढ्या एका गुणासाठी तो शोधून पाहावा.

मी : तिसरा एक आहे, 'आक्रीत'. १९८१. अमोल पालेकरांचा पहिला चित्रपट, आणि लेखक पुन्हा तेंडुलकर. परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खुनांवरून घेतलेला. धनासाठी, मुलासाठी दिलेले बळी. ते खटले तेव्हा लोकांच्या ताज्या आठवणीत होते. तिथे नावं बदलली आहेत.

आत्या : बघ! जिवंत माणसं होती तिथे नावं बदलली. दोनशे वर्षांपूर्वीचे कोर्टात येत नाहीत, म्हणून त्यांची नावं तशीच.

मी : नानांच्या वतीने लोक कोर्टात गेलेच की.

आत्या : गेले, आणि मला ते आवडलं नाही. नाटक बंद पाडणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नकोस. त्यांच्यातल्या कितीजणांनी नानांचं एक पत्र वाचलं होतं?

मी : मग तुला हवंय तरी काय? दाखवायचा नाही म्हणत नाहीस, दाखव म्हणत नाहीस.

आत्या : सांगते. इतका वेळ आपण कुणाबद्दल बोललो? नाना, घाशीराम, ललितागौरी, तेंडुलकर, रँड, दामोदर. कोठडीत मेले त्यांच्याबद्दल किती बोललो? नाटकात त्यांना नाव नाही, चित्रपटात नाही, मॅलेटच्या हकिकतीत ती माणसं नाहीत, आकडा आहे. श्रावणात दक्षिणेच्या आशेने शेकडो कोस चालत आलेली माणसं. चार पैसे आणि सोबतीने प्रवास. भाषा निराळी, शिपाई काय विचारतोय ते कळलं नसेल. दाराशी कोण होता, मधला कोण, पहिला कोण पडला? तुम्हा लोकांना कल्पना करायची मोकळीक पाहिजे ना? मग ती तिथे का नाही वापरत? कागद जिथे आकडा लिहून गप्प बसतो तिथे कल्पनेने आत शिरावं, तर तुम्ही ती वापरता नानांच्या माडीवर. तिथे तशीही गर्दी आहे.

मी : एका खोलीत रात्रभर कोंडलेली माणसं, दीड तास? कुणी पाहील ते?

आत्या : शेवटचा शॉट दहा मिनिटं न तोडता पाहता, मग हे का नाही?

मी : कारण तिथे दगड मारणारा जमाव आहे. प्रेक्षक जमावात असतो, आत्या, कोठडीत नसतो. तेंडुलकरांना आणि त्या चौघांना हे कळलं होतं. मारणाऱ्यांच्या मध्ये आपल्याला नेऊन उभं केलं आणि कट मारला नाही. ज्यांना न्याय हवा होता त्यांनीच दगड उचलले, आणि कारभारी नामानिराळा. तू म्हणालीस ना, गप्प शहराचा फायदा आपण सगळे घेतो? ते शहर त्या शॉटमध्ये आहे. गप्प नाहीये एवढंच.

आत्या : हं.

(आत्याचं 'हं' म्हणजे होकार नव्हे. अक्षर लागत नसलेल्या ओळीवरून ती पुढे जाते तेव्हा असंच म्हणते.)

आत्या : ठीक आहे, लाव. पण सुरुवातीला मला पाच मिनिटं दे. मी ३१ ऑगस्टची हकिकत सांगेन, नाटकातलं काय आणि दप्तरातलं काय ते सांगेन, आणि बसेन.

मी : नाही.

आत्या : का?

मी : कारण हे आधी झालंय. १९८० मध्ये थिएटर अकॅडमी हे नाटक घेऊन युरोपात निघाली तेव्हा मोठा विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि तोडगा निघाला तो निवेदनाचा. नाना फडणवीस थोर मुत्सद्दी होते, हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे, असं आधी सांगायचं आणि मग पडदा उघडायचा. परदेशातल्या प्रेक्षकाला नाना कोण हेच ठाऊक नाही, आणि त्याला सांगतायत की ते वाईट नव्हते! त्याने काय समजायचं?

आत्या : ते निवेदन नानांसाठी होतं. माझं त्या वीस माणसांसाठी आहे.

मी : तरी आधी नाही. प्रेक्षकाच्या कानात काही घातलं की तो पडद्यावर तेच शोधत बसतो. नंतर बोल.

आत्या : नंतर लोक थांबतात?

मी : चहा ठेवला तर थांबतात.

आत्या : मग चहा ठेव. आणि पत्रकावरचं 'सत्य घटनेवर आधारित' काढून टाक.

मी : 'सत्य घटनेवरून' चालेल?

आत्या : 'एका सत्य घटनेच्या आसपास'. याच्या पुढे मी जाणार नाही. आणि '२२ जून' पुढच्या महिन्यात लावायचा, हे मला लिहून दे. हौसेने मोडीत लिहू नकोस, बालबोधात लिही. तुझं मोडी मला वाचवत नाही.